मुलांच्या हातात पैसा: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न साधारण चार ते अठरा वर्षांच्या मुलांच्या पालकांचे आहेत. उत्तरं लहानांकडून मोठ्यांकडे जातात, पण अगदी शिस्तीत नाही. आणि एक आधीच सांगितलेलं बरं: या उत्तरांचा कल एका बाजूला झुकलेला आहे. पैशाबद्दल मुलाला दहा वेळा सांगण्यापेक्षा थोडा पैसा खरोखर त्याच्या ताब्यात द्यावा आणि आपण गप्प बसावं, असं आमचं मत आहे. गप्प बसणं हाच यातला अवघड भाग.

पैशांचा विषय कितव्या वर्षी काढावा?

मूल बोट दाखवून ‘हे हवं’ म्हणायला लागलं की विषय आपोआपच निघतो. मात्र चार-पाच वर्षांच्या मुलाला काय कळतं याचा मोठ्यांचा अंदाज बरेचदा चुकतो. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं की दोन रांगांत सारख्याच वस्तू असल्या, पण एका रांगेत त्या लांब लांब मांडल्या, तर या वयाचं मूल लांब रांगेत जास्त वस्तू आहेत असं ठामपणे सांगतं. हा गोंधळ साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास सुटतो. त्यामुळे एका मोठ्या नोटेपेक्षा पाच नाण्यांवर खूश होणारं मूल बावळट नसतं, आपल्या वयाला धरून वागत असतं. दुकानदाराने सुटे परत दिले की त्याला वाटतं, वस्तूही मिळाली आणि वर पैसेही मिळाले!

या वयात दोनच गोष्टी पोहोचल्या तरी पुष्कळ झालं. वस्तू घेतली की पैसे जातात, आणि गेलेले पैसे दुसऱ्या वस्तूसाठी उरत नाहीत. दुसरी गोष्ट बोलून कळत नाही. दोन हव्याशा वस्तू समोर ठेवून ‘यातली एकच, कोणती ते तू ठरव’ असं म्हटलं, आणि निवड झाल्यावर दुसरी खरोखर परत ठेवली, तर कळते.

सातव्या वर्षापर्यंत पैशाच्या सवयी पक्क्या होतात, हे खरं का? आमची मुलगी अकराची आहे.

हे वाक्य फार फिरतं. त्याचं मूळ ब्रिटनमधल्या २०१३ च्या एका अहवालात आहे. तो अहवाल म्हणजे लहान मुलांच्या शिकण्याबद्दल आधीच झालेल्या संशोधनाचा आढावा होता. मुलांना मोठं होईपर्यंत पाहून, त्यांचा खर्च मोजून काढलेला तो निष्कर्ष नव्हे. धीर धरणं, आधी बेत करणं अशा क्षमतांचा पाया लहानपणी पडतो एवढं त्यातून घ्यावं. अकराव्या वर्षी उशीर झालेला नाही. उलट अकरा वर्षांच्या मुलीला हिशेब येतो, त्यामुळे काही गोष्टी सोप्याच जातील.

पॉकेटमनी द्यावा का? किती द्यावा?

द्यावा. रक्कम ठरवताना आकड्यापासून सुरुवात करू नका, खर्चापासून करा. तुम्ही मुलासाठी सध्या कोणकोणत्या बारीकसारीक गोष्टी घेता ते आठवडाभर लिहून काढा. त्यातल्या दोन-तीन त्याच्याकडे सोपवा आणि तेवढीच रक्कम द्या. म्हणजे तुमचा खर्च वाढत नाही, फक्त निर्णय घेणारं माणूस बदलतं.

रक्कम इतकी मोठी नको की निवड करावीच लागू नये. इतकी छोटीही नको की काहीच घेता येऊ नये. तशा वेळी मूल साठवायला शिकत नाही, मागायला शिकतं. लहान मुलांना आठवड्याला द्या, कारण सात-आठ वर्षांच्या मुलासाठी महिना म्हणजे अनंतकाळ. बारा-तेराव्या वर्षी महिन्यावर या. वार किंवा तारीख ठरलेली असावी आणि ती तुम्ही पाळावी. का, ते पुढे धीराच्या प्रश्नात येईल.

घरातल्या कामांचे पैसे द्यावेत का?

यावर दोन तट आहेत आणि दोन्हीकडे समंजस माणसं आहेत. एक बाजू म्हणते, कष्टाशिवाय पैसा मिळत नाही हे मुलाला कळायला हवं. दुसरी म्हणते, घर सगळ्यांचं आहे, स्वतःचं अंथरूण उचलायला मजुरी कसली?

आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. त्याला कारण दोन प्रयोग. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. ते त्यांना मिळालंही. नंतर एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात हीच मुलं रंगांकडे इतरांपेक्षा बरीच कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे नुसत्या बक्षिसाने बिघडलं नाही. ‘यासाठी काही मिळणार आहे’ हे आधी ठरल्याने बिघडलं.

दुसरा प्रयोग पालकांवरच झाला. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटासा दंड लावला. उशिरा येणं कमी व्हायला हवं होतं, ते जवळपास दुप्पट झालं. ‘ताई ताटकळत बसल्या असतील’ ही टोचणी गेली आणि पैसे भरून उशीर विकत घेण्याची सोय झाली. पुढे दंड रद्द केला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. युरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं.

घरातही असंच होतं. ताटं उचलण्याचे पैसे ठरले की एक दिवस मूल म्हणतं, ‘आज मला पैसे नकोत.’ आणि ताटं तशीच राहतात. त्याचं गणित चुकलेलं नसतं! म्हणून रोजची कामं बिनपैशाची ठेवा आणि पॉकेटमनी त्यांच्याशी जोडू नका. मात्र एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घ्याल असं एखादं जादा काम, माळा आवरणं किंवा गाडी धुणं, मुलाने मागून घेतलं तर त्याचा मोबदला आधी ठरवून जरूर द्या. काम अर्धवट झालं तर पैसेही पूर्ण नाहीत.

आणि गुणांचे पैसे? नकोत. लेपर यांच्या प्रयोगात झालं तसं आवडीने होणाऱ्या अभ्यासाच्या बाबतीतही होण्याची भीती असते.

पैसे दिले त्याच दिवशी मुलाने सगळे उडवले. आता काय करावं?

काहीच करू नका. हे उत्तर पालकांना आवडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी पैसे संपल्यावर उरलेले सहा दिवस मुलाला काय वाटतं, ही सगळी शिकवणी आहे. तिसऱ्या दिवशी मित्र काहीतरी घेतात आणि याच्याकडे काही नसतं. हे दुःख छोटं असतं, त्यातून कायमचं नुकसान होत नाही, आणि ते त्याच्या स्वतःच्या निर्णयातून आलेलं असतं. तिसऱ्या दिवशी ‘जाऊ दे, एवढ्या वेळी देतो’ म्हणून तुम्ही भरपाई केलीत, तर मूल तेवढ्याच पक्केपणी दुसरं काहीतरी शिकतं: पैसे संपत नसतात, तोंड पाडून बसलं की येतात.

भरपाईइतकंच वाईट म्हणजे टोमणा. ‘बघ, मी सांगत होतो ना’ म्हटलं की मुलाचं लक्ष रिकाम्या खिशावरून उडतं आणि तुमच्यावरच्या रागावर जातं. विचारायचंच असेल तर एक-दोन दिवस जाऊ द्या आणि खरोखर उत्सुकतेने विचारा, ‘पुढच्या वेळी काही वेगळं करशील का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी चालेल. काही मुलं चार-पाच वेळा तसंच करतात.

दहाव्या वर्षी एका आठवड्याचे पैसे गेले तर एक आठवडा जातो. हीच चूक पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा झाली, तर तिच्यामागे हप्ते येतात.

पण डोळ्यांसमोर ते भिकार खेळणं घेतंय. दोन दिवसांत मोडणार हे मला दिसतंय!

मोडू द्या. तुम्हाला दिसतंय, कारण तुमची अशी खेळणी मोडून झाली आहेत.

नकाराचा हक्क मात्र तुमच्याकडे राहतो. धोकादायक वस्तू, वयाला न शोभणारी वस्तू, घराचे नियम मोडणारी वस्तू नाही म्हणजे नाही. ही यादी पैसे देण्याआधी सांगा आणि छोटी ठेवा. ‘फालतू आहे’ हे कारण त्या यादीत बसत नाही. दुकानात उभं राहून दर वेळी नवा नियम निघायला लागला, तर तो पैसा मुलाचा नाहीच, तुम्हीच त्याच्या हातून खर्च करताय.

खर्च, बचत आणि दान असे तीन डबे करावेत का?

लहान मुलांसाठी छान आहेत, कारण पैसे दिसतात. डबे पारदर्शक असावेत. पण किती कुठे टाकायचे हे तुम्हीच ठरवलंत, तर मूल फक्त वाटप करतं, निर्णय घेत नाही. बचतीच्या डब्यावर कशासाठी साठवतोय त्या वस्तूचं चित्र चिकटवू द्या; ‘भविष्यासाठी’ हे आठ वर्षांच्या मुलाला कारण वाटत नाही. दानाची सक्ती करू नये. सक्तीने दिलेलं, तो तुम्ही लावलेला कर होतो.

आमच्या मुलाला अजिबात धीर नाही. धीर शिकवता येतो का?

इथे मार्शमॅलोच्या प्रयोगाचं नाव हटकून निघतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्रयोग केले. मुलापुढे एक गोड वडी ठेवायची आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील. थांबलेली मुलं पुढे अभ्यासात वगैरे सरस ठरली, असं नंतर दिसलं आणि प्रयोग जगभर गाजला. ‘थांबता येतं तो जिंकतो’ असं त्याचं घोषवाक्यच झालं.

पुढची गोष्ट कमी लोक सांगतात. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं, तेव्हा तो संबंध मूळच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात धरल्यावर तर अगदी थोडा उरला. त्याआधी २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाला एक वळण दिलं होतं. वडी समोर ठेवण्याआधी प्रयोग करणाऱ्या व्यक्तीने मुलाला चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं. काही मुलांना ते दिले. काहींना ‘अगं, संपले की’ म्हणून टाळलं. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना टांग दिली ती तीन मिनिटं.

पैशाविषयीच्या सगळ्या संशोधनातून पालकांनी एकच गोष्ट उचलायची असेल, तर ही उचलावी. ज्या घरात ‘पुढच्या महिन्यात नक्की’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असतो, तिथे आत्ताच हिसकून घेणं शहाणपणाचंच आहे. ठरलेल्या दिवशी पॉकेटमनी देणं, मुलाच्या डब्यातून घेतलेले सुटे संध्याकाळी परत ठेवणं, ‘तुझ्या नावावर जपून ठेवते’ म्हणून घेतलेले पैसे खरोखर जपून ठेवणं आणि मागितल्यावर दाखवणं, यातून मुलाला धीर येतो. हे शेवटचं तर अनेक घरांत दुखरं प्रकरण असतं.

आता नोटा-नाणी दिसतच नाहीत. फोनवरून सगळं होतं. मुलाला पैसा कसा दाखवायचा?

मोठ्यांनाही तो नीट दिसत नाही. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोल्या रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाल्या. आणि हे हिशेबाचंच शिक्षण घेणारे विद्यार्थी!

म्हणून नऊ-दहा वर्षांपर्यंत तरी रोखच द्या. नोट हातातून जाताना कळतं. त्यानंतर खातं किंवा कार्ड दिलंत तर आधीची शिल्लक, खर्च आणि उरलेली शिल्लक वहीत मुलाच्या हाताने लिहू द्या. ऍप हे आपोआप दाखवतं हे खरं, पण आपोआप दिसलेलं फारसं लक्षात राहत नाही. आणि तुम्ही फोनने पैसे भरताना मूल शेजारी असलं, तर किती गेले ते मोठ्याने बोला. त्याला फक्त ‘टिंग’ ऐकू येत असतं.

मुलाने मोबाइल गेममध्ये न सांगता भरपूर खर्च केला. शिक्षा करावी का?

आधी शांतपणे पाहा, त्याला तो खर्च आहे हे कळलं होतं का. हे खेळ मुद्दाम तसे बनवलेले असतात. खरा पैसा आधी हिऱ्यांत किंवा नाण्यांत बदलून घेतला जातो, तोही अशा आकड्यांत की काही हिरे नेहमी उरतात आणि वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घ्यावे लागतात. ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेबरोबरच्या तडजोडीत २०१४ मध्ये ॲपलने मुलांकडून झालेल्या अशा खरेदीपोटी किमान ३.२५ कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं. २०२२ मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सच्या बाबतीत परताव्याचा आकडा २४.५ कोटी डॉलर होता. आत काय निघेल ते न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणलं. समोर एवढी तयारी असताना एकट्या नऊ वर्षांच्या मुलाला दोषी धरणं बरं नव्हे.

खरेदीसाठी पासवर्ड लावा, साठवलेलं कार्ड काढून टाका, आणि परताव्यासाठी लगेच अर्ज करा. दिवस गेले की मिळण्याची शक्यता कमी होते. कळूनसवरून केलं असेल, तर रकमेचा एक भाग पॉकेटमनीतून वळता करा. पण सहा महिने शून्य हातात ठेवू नका, नाहीतर सराव करायला काही उरतच नाही.

‘आपल्याला परवडत नाही’ असं मुलांना सांगावं का?

खरोखर परवडत नसेल तर जरूर सांगा. लाजण्यासारखं काही नाही. पण परवडत असून सुटकेसाठी म्हणत असाल, तर पुढच्याच आठवड्यात तुम्ही स्वतःसाठी महागडं काही घेतलं की मुलाला फोलपणा कळतो. तिथे ‘पैसे आहेत, पण ते यासाठी नाहीत’ हे खरं उत्तर आहे.

घरात चणचण असेल, नोकरी गेली असेल, कर्ज झालं असेल, तर मुलांना तुमच्या चेहऱ्यावरून कळतंच. काहीच सांगितलं नाही तर ती मनाने त्याहून भयंकर काहीतरी रचतात. काय बदलणार आणि काय बदलणार नाही एवढं सांगावं: बाहेरचा खर्च काही महिने बंद, शाळा तीच, घर तेच. तेही खात्री असेल तरच. आकडे, सावकाराचे फोन, आईबाबांतली बाचाबाची मुलाच्या अंगावर टाकू नये. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मात्र घरखर्चाचा कागद दाखवायला हरकत नाही. ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणणारी मुलं भाड्याचा नाहीतर हप्त्याचा आकडा पाहून गप्प होतात.

‘सगळ्यांकडे आहे, मलाच नाही.’ याला काय उत्तर?

‘सगळे’ म्हणजे बहुधा तीन जण असतात, पण तो वाद घालू नका. साध्या प्रतीच्या वस्तूला लागतील तेवढे पैसे तुम्ही द्या. ब्रँडचं हवं असेल तर वरचा फरक त्याने भरावा. अशा वेळी ब्रँडशिवायही चालतं हे अनेक मुलांना स्वतःच उमगतं. काहींना नाही, आणि ती खरंच साठवून घेतात. दोन्ही ठीक.

आजी-आजोबा भरमसाट पैसे देतात.

त्यांच्याशी भांडू नका. मोठ्या रकमेचा किती भाग लगेच वापरायचा हे मुलाबरोबर आधीच ठरवून ठेवा आणि त्यांनाही कानावर घाला.

पुढच्या आठवड्याचे पैसे आगाऊ मागतो. द्यावेत?

एकदा तरी द्या, आणि उसने म्हणून द्या. कागदावर रक्कम, परतफेडीची तारीख आणि थोडं व्याज लिहा, खाली त्याची सही घ्या. ठरल्या दिवशी व्याजासकट वळते करा. त्या आठवड्यात हातात उरलेला चिंधीएवढा पैसा पाहून कर्ज म्हणजे काय ते नीट कळतं. मुळात कर्ज वाईट असतं असं शिकवू नका. पुढे त्याला शिक्षणासाठी किंवा घरासाठी ते घ्यावं लागेल. किंमत पाहून घ्यायला शिकवा.

चक्रवाढ व्याज आणि महागाई कशी समजावावी?

७२ च्या नियमाने. दरसाल जो व्याजदर असेल त्याने ७२ ला भागा, साधारण तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. ६ टक्क्यांनी १२ वर्षं. पाचवीतलं मूल हे करू शकतं. मग तेच उलटं लावा. महागाई ६ टक्के राहिली तर डब्यातल्या पैशाची खरेदीची ताकद १२ वर्षांत निम्मी होते. आणि दरमहा २ टक्क्यांचं कर्ज फेडलंच नाही, तर ३६ महिन्यांत दुप्पट होतं. हे तिसरं उदाहरण सर्वांत कामाचं, कारण ‘फक्त दोन टक्के’ ऐकायला गोड लागतं.

डब्यातल्या बचतीवर तुम्हीच दरमहा थोडं व्याज टाकलंत तर उत्तम. बँकेच्या दराने टाकू नका, मुलाला ते दिसणारही नाही. जरा सढळ हाताने टाका.

पाकिटातून न विचारता पैसे घेतले. चोर होईल का?

बहुधा नाही. सहा-सात वर्षांपर्यंत तर ‘आईचं ते माझंच’ हा समज पुरता गेलेला नसतो. मोठ्या मुलाच्या बाबतीत आधी ‘कशासाठी’ हे शोधा. कधी कधी उत्तर असं निघतं की शाळेत कुणीतरी धमकावून मागतंय. पैसे परत करायला लावा. चार लोकांत नाव काढू नका.

हे सगळं शाळेनेच का शिकवू नये?

शिकवावं. पण फक्त त्यावर विसंबू नका. २०१४ मध्ये आर्थिक शिक्षणावरच्या २०१ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. माणसांच्या पैशाच्या वागणुकीतला जो फरक असतो, त्यातला अवघा ०.१ टक्का अशा शिक्षणामुळे दिसला, आणि तोही काळाबरोबर विरतो. पुढे २०२२ मध्ये ७६ प्रयोगांच्या आढाव्यात चित्र बरंच आशादायक निघालं, तेव्हा वर्ग अगदीच फुकट जातात असं नाही. पण निर्णयाची वेळ आली तेव्हा माहिती मिळाली तर ती कामी येते, हे पालकाला सहज जमतं आणि शाळेला अवघड जातं. मोबाइल घ्यायचाय त्या आठवड्यात हप्त्यांचं गणित शिकवा, सुट्टीत रिकामा वेळ आहे म्हणून नको.

मुलगी सतरा वर्षांची आहे, स्वतः थोडं कमावते. आता काय शिकवायचं राहिलं?

फसवणूक ओळखणं. खात्रीचा आणि मोठा नफा एकत्र सांगितला की खोटं समजायचं. ‘आजच भरा’ म्हणणाऱ्याला आज भरायचं नाही. आपला ओटीपी, आपलं खातं कुणालाही वापरायला द्यायचं नाही, मैत्रिणीलाही नाही. भाड्याने दिलेल्या खात्यातून चोरीचे पैसे फिरवले जातात आणि पोलिस खातेदाराच्या दारात येतात. शेअर बाजाराची उत्सुकता असेल तर बुडाली तरी चालेल एवढ्याच स्वतःच्या रकमेने, आणि उसन्या पैशाने कधीच नाही.

बाकी तिच्या कमाईचं काय करायचं ते ती ठरवेल. घरखर्चात थोडा वाटा मागायचा असेल तर मागा, रक्कम मात्र दोघांनी मिळून ठरवा. आणि पहिल्या पगारात तिने एखादी बिनकामाची महाग वस्तू आणली, तर किती आवडली ते विचारा.